बाळंतिणीच्या पलंगावर जावई

बायको बाळंत झाली आणि दवाखान्यातल्या तिच्या पलंगावर मी झोपलो. यावरून हदगावपासून मुरुडपर्यंत दोन्हीकडचे पाहुणे आजही हसतात. हसू द्या! वेळ आली तर मी पुन्हा झोपेन.

झालं असं, रेखाला सातव्या महिन्यातच कळा लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मुरुडला व्हायचं ठरलेलं. पण पोरीला दम कुठं! हदगावहून नांदेड गाठेपर्यंत आमची पाचावर धारण बसली. लेक झाली ती चौदाशे ग्रॅमची. (विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं माझं दुकान आहे. तिथलं तारेचं बंडलसुद्धा यापेक्षा जड!) पंधरा दिवस लेक काचेच्या पेटीत. रेखा दर दोन-तीन तासांनी दूध काढायची, लेकीला छातीशी धरून बसायची आणि उरलेल्या वेळात रडायची. "माझ्यातच कायतरी कमी हाय," एवढंच बोलायची. झोप नाही म्हणून दूध आटत चाललेलं, दूध नाही म्हणून लेकीचं वजन जागचं हलेना, आणि वजन वाढल्याशिवाय घरी सोडणार नव्हते.

शेवटी सिस्टर मला म्हणाल्या, "बाळाला अंगाची ऊब पायजे, ती बापाची बी चालते. उद्या दुपारी तुम्ही धरा. हिला झोपू द्या."

"मी?"

"मग कोण? तुमच्या दुकानातली मोटार?"

माझी आई दारातच उभी होती. "अगं माय माय! बाप्या माणूस बाळंतिणीच्या खोलीत? आपल्यात बारशाआधी बाप तोंड बी बगत न्हाई!"

"मग मी पहिला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आंघोळ, दाढी करून, वर छातीला अत्तर चोळून हजर झालो. सिस्टरांनी लांबूनच हुंगलं. "लग्नाला निघालात का? जा, साबण लावून धुऊन या!"

धुऊन आलो. पुढून उघडा हिरवा गाऊन घालून रेखाच्या पलंगावर टेकलो. सिस्टरांनी टोपडं घातलेली ती चिमणी माझ्या उघड्या छातीवर ठेवली, वरून कापड गुंडाळलं आणि म्हणाल्या, "तासभर हलायचं न्हाई." बाळाला गार लागू नये म्हणून पंखा बंद. नांदेडचा मे महिना! घाम डोळ्यात उतरत होता आणि दोन्ही हात लेकीच्या खाली अडकलेले. खरं सांगतो, मी लई भ्यालो होतो. तिचं काळीज माझ्या काळजावर टिकटिक करत होतं, आणि ते थांबेल या भीतीनं मीच श्वास रोखून धरलेला. रेखा मात्र कितीतरी दिवसांनी स्टुलावर बसून पोटभर शेपूची भाजी-भाकर खात होती.

नेमके तेव्हाच मुरुडहून रेखाचे मामा आले. पाहुण्यांना आत सोडत नाहीत, म्हणून काचेतून बघितलं. काय दिसलं? बाळंतीण स्टुलावर पाठमोरी जेवतेय आणि जावई पलंगावर आडवा, हिरवा गाऊन, घामाघूम, छातीला फडकं! मामांनी हात हलवला. माझे हात मोकळे नव्हते, म्हणून 'काळजी करू नका' अशी मान हलवली. मामांनी 'आता काही खरं न्हाई' असा अर्थ घेतला आणि तोंडाला उपरणं लावून थेट मुरुडची गाडी धरली!

दुसऱ्या दुपारी मामांसकट मुरुडहून जीप भरून माणसं आली. शहाळी, मोसंबी, आणि सोबत आलेल्या दोन बायका तर रडतच व्हरांड्यात. कुणी म्हणे जावयाच्या छातीचं ऑपरेशन झालं, कुणी म्हणे किडनी काढली. (छातीतून किडनी! पण विचारतो कोण?)

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार किलकिलं करून ती म्हणाली, "ऊठ की रे! बाहीर येऊन दाखव लोकायला, धडधाकट हायस म्हून!"

लेक छातीवर गाढ झोपलेली. शेजारच्या खाटेवर रेखा पंधरा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडं टाकून घोरत होती. मी हललो असतो तर दोघीही जाग्या झाल्या असत्या.

"न्हाई उठत."

"कामून?"

"रेखा झोपलीय."

"आरं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे! लोकायला दूध येतंय का?"

आई लालबुंद. सिस्टर हसू दाबत आल्या आणि त्यांनी मामांना तेवढं दारापर्यंत येऊ दिलं. कापडाची कड जराशी बाजूला करून म्हणाल्या, "हे बगा ऑपरेशन."

पेरूएवढं डोकं बघून मामांनी टोपी काढली. मग डोळे पुसत म्हणाले, "जावईबापू, उठू नका. कुणी उठीवलं तर मला सांगा."

त्या दिवशी रेखा सलग तीन तास झोपली. त्यानंतर मी रोज दुपारी पलंगावर आणि ती खाटेवर. हळूहळू दूध वाढलं, वजनाचा काटा हलला. वीस ग्रॅम वाढले तरी आम्ही पेढ्यांच्या गोष्टी करायचो. चौथ्या दिवशी आईच आंघोळ करून आली आणि मला म्हणाली, "सरक. मला बी दाव कसं धरतेत."

महिन्याभरानं लेक घरी आली. आता आठ किलोची झालीय, आणि माझ्या छातीशिवाय तिला झोपच लागत नाही! काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं, माझ्या पाठीचा भुगा झालेला. हळूच म्हणालो, "रेखा, जरा घे की." ती डोळेसुद्धा न उघडता शेजारी आडव्या झालेल्या माझ्या आईला म्हणाली, "आत्या, सांगा ह्यांना. लई भांडून मिळवलीय जागा, आता सोडू नका म्हणावं."

"हाव," आई कूस बदलत म्हणाली, "त्यालाच जमतंय."