वाढवलेला हार

निजाम पटवेकऱ्याच्या दुकानात 'तुटलं' हा शब्द कुणी उच्चारत नसे. सराफ बाजारातल्या बोळात, दागिने रेशमात ओवून देण्याचं एवढंसं ते दुकान. बाया यायच्या, पदराच्या गाठीतून मणी सोडायच्या आणि म्हणायच्या, "निजामभाई, मंगळसूत्र वाढलंय, गाठवून द्या." सवाष्णीचा दागिना तुटत नाही, बाबांनो, वाढतो! उभा जन्म हीच बोली ऐकून निजामच्याही जिभेला तो दुसरा शब्द जड जायचा.

आता तर त्याला सगळंच जड जायचं. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून ताण द्यायचा, तर अंगठा कुरकुरायचा. मान धरायची. डोळ्यांचं तर नावच नको. सगळी हयात लोकांच्या नमुन्याबरहुकूम ओवण्यात गेली होती. दिसतंय तोवर एक हार आपल्या मनासारखा करायचा, एवढीच इच्छा उरली होती.

तो योग लंकाबाईंनी आणला. बाई सटाण्याच्या, नाशकात दिलेल्या. लेकीचं लग्न काढलं होतं. मीन्याच्या नि खड्यांच्या मण्यांची पुरचुंडी पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला सुचेल तसा करा." असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हातारा हरखला. येवल्याहून रेशीम आणवलं. रोज ताटलीत मणी मांडले, मोडले, पुन्हा मांडले. अखेर जमलं. मधोमध मोर काढलेला निळा मीन्याचा मणी, दोन्ही अंगांना माणकं, मग हिरवे मीन्याचे, आणि मागे लहान लहान होत गेलेले गोमेद. त्यानं हार गाठवला, बायकोला, सकीनाला, हाक मारून दाखवला आणि लंकाबाईंकडे पोचता केला.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी लंकाबाईंची कामवाली कुसाबाई हार परत घेऊन आली. डोळे लालभडक, नाकाला पदर. "बाईनं सांगितलंय, हार वाढवा. दुपारच्याला येत्यात," एवढं म्हणून गेलीसुद्धा.

रडलेले डोळे, आणि हार वाढवा! सोयरीक मोडली, की आणखी काही वाईट घडलं? दुःखाच्या घरी खोदून विचारू नये, एवढं निजामला कळत होतं. त्यानं कात्री घेतली. या अल्ला! आपल्याच हातानं आपला हार कापला आणि एकेक मणी ताटलीत सोडला.

दुपारी लंकाबाई आल्या, त्या हसतच. "झाला का दोन बोटं वाढवून? पोरीची मान जरा भरलेली आहे."

निजामनं ताटली पुढे सरकवली.

"अगं बाई! लांबीला वाढवायचा होता हो! तुम्ही तर हार... हार वाढवलात!" एवढ्या संतापातही बाईंच्या तोंडून दुसरा शब्द फुटेना.

"कुसाबाई रडत होती..."

"रडतेय कशाला मेली! डोळे आलेत तिचे!" बाई उठल्या. "उद्या हळदीला माझी पोर ओक्याबोक्या गळ्यानं बसणार नाही, सांगून ठेवते."

"दिवेलागणीला न्या," निजाम म्हणाला.

त्यानं सुई घेतली. पहिला मणी, मग दुसरा. शेजारी येऊन बसलेली सकीना हळूच म्हणाली, "ते माणिक नाही. गोमेद आहे."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही हो. रोज सकाळी चुकलेले मणी मीच ताटलीत बदलून ठेवायचे. तुम्हाला कळू नये म्हणून."

निजामचे हात थांबले. त्याला राग आला, लाज वाटली, आणि मग नुसतंच हलकं वाटलं. अधू झालेली नजर लपवून लपवून तो किती दमला होता! त्यानं रेशमाचं टोक अंगठ्यावरून सोडवून तिला दिलं. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगत गेला, ती ओवत गेली. शेवटची गाठ तेवढी त्यानं चाचपून स्वतः मारली. हार दोन बोटं लांब झाला होता. लंकाबाईंनी तो उजेडात धरून दोनदा पाहिला आणि घेऊन गेल्या.

निजामनं कात्री, सुया, रेशमाची रिळं, सगळं फडक्यात बांधलं.

"सकीना, दुकान वाढवू या."

दुकान बंद करताना तो रोज हेच म्हणायचा. सकीनानं त्या गाठोड्याकडे पाहिलं.

"नीट सांगा. रोजच्यासारखं वाढवायचं, की सकाळच्या हारासारखं?"

"हारासारखं," तो म्हणाला. "दमलो गं."