मी बाभूळ म्हणालो ते लाकूड

भूतखेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण मागे याच सदरात कुणी लिहिलं होतं – सुरतेत एका बाईने स्मशानातलं लाकूड चोरून चुलीत घातलं, म्हणून तिचा डोळा गेला. साफ खोटं! ती लीलाताई. आमची शेजारीण.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. मी जालन्याकडचा, लूमवर कामाला. त्याआधी बारा वर्षं लाकडाच्या वखारीत होतो, त्यामुळे गल्लीतल्या बायका वेचून आणलेलं सरपण मला दाखवायच्या. मी साल खरवडून, वास घेऊन झाड सांगायचो. बायको म्हणायची, "यांना लाकडातलं सगळं कळतं, माणसातलं सोडून."

एका सकाळी लीलाताई खाडीकाठून एक ओंडका घेऊन आली. ती खानदेशातल्या पारोळ्याची. "भाऊ, हाई कसानं लाकूड शे?"

मी कुऱ्हाडीने खाप काढली. आत पिवळट... आणि पांढरा चीक. असं लाकूड मी कधीच पाहिलं नव्हतं. दारात चार बायका उभ्या होत्या.

"समजत नसीन तं सांगी द्या, भाऊ. फेकी देसू."

"बारा वर्सं काय गवत उपटलं का म्या? बाभूळ हाय. बिनधास्त जाळा!"

चुलीच्या धुराने दुपारपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले. उजवा कायमचा गेला. गल्लीत आवई उठली – स्मशानातलं असणार! तिचा नवरा मान खाली घालून तिला गावी घेऊन गेला. मी तोंड उघडलं नाही.

तिच्या दाराशी अर्धा ओंडका उरला होता. तो मी पोत्यात घालून पर्वत पाटियाच्या वखारीत नेला. वखारवाल्याने उलटापालटा करून पाहिला नि हसला. "काका, आ तो बावळ छे!" बावळ म्हणजे गुजरातीत बाभूळच.

मी पाहिलं. काळी भेगाळलेली साल, आत लालसर गाभा. चिकाचा थेंब नाही. पण माझ्या कुऱ्हाडीची खाच तीच, तिथेच! घरी आणून बायकोला दाखवलं. ती दोन पावलं मागे सरकली. "अहो... हे पिवळं होतं ना?"

चुलीत घातलं. बाभळीसारखंच जळलं – कडक विस्तव, धूर नाही.

कसं झालं, मला ठाऊक नाही. तीस वर्षं विचार करतोय. कुणी म्हणेल, मग तुम्ही खरंच बोललात की! नाही. लाकडाने माझी बाजू घेतली असेल, मी घेणार नाही. लीलाताईने खाडीकाठचं लाकूड आणलं, मला विचारलं, फेकून द्यायलाही तयार होती. मला माहीत नव्हतं, तरी मी "जाळा" म्हणालो.

शाप वगैरे कुणाला चिकटवायचाच असेल, तर मला चिकटवा. तिचं नाव सोडा.