ताईच्या चटणीला मास्तर काय म्हणाले

त्या रस्त्यावर कपडे घट्ट-सैल करून देणारा एक शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणत, तर आपणही मास्तरच म्हणू. शिवण्यात मास्तर बेताचेच. पॅन्टची लांबी एकदा चुकली की दुसऱ्यांदा हमखास चुकायची. पण खाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शहर अवाढव्य, चौकाचौकात हॉटेलं, त्यात मेक्सिकन खाण्याचं वेड सगळ्यांच्या डोक्यात शिरलेलं. बाही आखूड करायला आलेलं गिऱ्हाईक हात वर धरून विचारायचं, "मास्तर, मेक्सिकन कुठे खावं हो?" मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून आधी त्याचं उत्तर देत, मग माप घेत.

उत्तर वर्षानुवर्षं एकच. शेजारच्या ताईकडे. तिचं हे मेक्सिकन खाण्याचं दुकान तिच्या सासूने काढलेलं. सासू मेक्सिकोची, मोठी खमकी बाई. हातावर चमचा मारून सुनेला शिकवलेलं. नाश्ता आणि दुपारचं जेवण, बस, संध्याकाळी कुलूप. सकाळी चिलाकिलेस, म्हणजे टॉर्टियाचे, मक्याच्या पातळ पोळीचे, तळलेले तुकडे लाल चटणीत घोळवून वर अंडं. दुपारी टाको, म्हणजे त्याच टॉर्टियात दुमडलेलं सारण. सगळा जीव त्या लाल चटणीत. वाळक्या मिरच्या तव्यावर भाजायच्या आणि वास पालटला की लगेच उतरवायच्या. जरा रेंगाळलं की चटणी कडू.

सासूने एक रिवाज घालून दिला होता. दार उघडण्याआधी चटणी बाहेरच्या माणसाने चाखायची, घरच्याने नाही. घरच्यांच्या जिभेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सासू गेल्यावर ताईने हे काम मास्तरांवर सोपवलं. मास्तर रोज मागच्या दाराने जात, टॉर्टियाचा तुकडा चटणीत बुडवत, डोळे मिटत आणि म्हणत, "फक्कड!" मग ताई दुकान उघडायची.

हिवाळ्यात ताई तापाने अंथरुणाला खिळली. उठून कामाला लागली त्या पहिल्याच सकाळी चटणी कडूजहर. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. म्हणाले, "फक्कड!" मनात म्हटलं, उद्या सुधारेल. दुसऱ्या दिवशीही तेच. पण काल फक्कड म्हटल्यावर आज कोणत्या तोंडाने कडू म्हणायचं? असं करता करता हिवाळा सरला. गिऱ्हाईकं तर तोंडावर सांगतच नाहीत, नुसती येईनाशी होतात.

इथवर भिडस्तपणा म्हणून सोडूनही देता आलं असतं. पण मास्तर पडले जिभेचे गुलाम. समोरच्या फुटपाथवर एक नवं मेक्सिकन हॉटेल निघालं होतं. ताईकडे फक्कड म्हणून झालं की ते तोंड पुसत रस्ता ओलांडत आणि तिथे भरपेट नाश्ता करत. कोणी विचारलं तर सांगत, समोर जा. जॅकेटची चेन बसवायला आलेल्या नर्सबाईंना तर एकदा म्हणून गेले, "ताईकडे नका जाऊ, तिच्या चटणीत आता राम नाही." बोलताना मजा वाटली. नर्सबाई गेल्यावर मशीनपुढे बसले तेव्हा मात्र स्वतःची लाज वाटली. त्या दुपारी भरपाई म्हणून त्यांनी ताईकडे दोन माणसांचं जेवण एकट्याने संपवलं. मन काही हलकं झालं नाही, पोट तेवढं बिघडलं.

मग एका सकाळी मास्तरांचं "फक्कड" ऐकूनही ताई दार उघडायला गेली नाही. स्टुलावर बसली.

"भाऊ, एक सांगते, कुणाला बोलू नकोस. तापापासून मला वास येत नाही, चव कळत नाही. सगळं मातीसारखं लागतं. स्वयंपाक करणारीचं नाकच गेलं म्हटल्यावर कोण येईल जेवायला? म्हणून गप्प बसले. तू रोज चाखतोस, तेवढाच धीर होता. चव बरोबर आहे, मग लोक का जातायत रे?"

मास्तरांनी हातातला उरलेला तुकडा बशीत ठेवला.

"ताई, चटणी कडू आहे."

"आजची?"

"तापापासूनची."

ताईने ॲप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते. "आणि तू रोज..."

"आजारातून उठलीस, म्हटलं मन कशाला मोडा. मग सवयच लागली. खायला मी समोर जातो, ताई."

एवढं त्यांनी कबूल केलं. लोकांनाही समोर धाडतो, हे घशातच राहिलं.

 ताई उठली, चटणी ओतून दिली आणि तव्याखाली गॅस लावला. "ये इकडे. नाक तुझं, हात माझे. कधी उतरवायच्या ते सांग."

मास्तर तव्यावर वाकले. मिरचीच्या ठसक्याने डोळे भरून आले, ते बरंच झालं. "आत्ता!" ताईने तवा उतरवला. चटणी झाली ती थेट सासूच्या हातची. मास्तरांनी तसं सांगताच ताई हसली, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारीने माफ केलं होतं, पण अर्ध्याच गुन्ह्याबद्दल.

उरलेला अर्धा तिला कळायच्या आत निस्तरावा म्हणून मास्तर तडक समोरच्या हॉटेलच्या रांगेपाशी गेले. "अहो, इथे कशाला ताटकळता? ताईकडे चला! चटणी पुन्हा पहिल्यासारखी झालीय!"

रांगेत नर्सबाई होत्या. आवाज खणखणीत. "वा मास्तर! तुम्हीच तर म्हणालात, ताईकडे नका जाऊ, तिच्या चटणीत राम नाही! मी अख्ख्या वॉर्डला सांगितलं की!"

"मलाही यांनीच इकडे धाडलं," मागून पोस्टमन म्हणाला. रांगेत हशा पिकला.

मास्तर ओशाळून वळले, तर मागे ताई. हातात चिलाकिलेसची ताटली, वाफ निघतेय. आज तरी भाऊ उपाशी राहू नये, दुसऱ्याच्या दारात जेवायला जाऊ नये म्हणून ती त्यांच्यामागे धावत आली होती.

"खरं तेच सांगितलं त्यांनी," ती नर्सबाईंना म्हणाली. मग ताटली मास्तरांच्या हातात दिली. "यांना सांगितलंस, पोस्टमनला सांगितलंस. मीच तेवढी राहिले होते."

ती रस्ता ओलांडून परत गेली. मास्तर रांगेशेजारी ताटली धरून उभे राहिले. घास तोंडात घालवेना, आणि ताटली परत न्यायलाही पाय उचलेना.