विहीणबाईंचं जायफळ

वारज्यात राहणाऱ्या जयाबाई गायकवाड एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहेत. उंदरांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांच्या मेंदूचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावून द्यायचे, हे त्यांचं काम. मेंदूला आवर घालणारे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे रसायन टिपणारे भाग, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत कसे बदलत जातात, याचा तिथे अभ्यास चालतो. घरी कुणी विचारलं की त्या स्कूटरच्या ब्रेकवरून समजावतात. मोठ्यांच्या मेंदूत जे रसायन ब्रेक लावतं, तेच कोवळ्या मेंदूत काही काळ पेशींना उलट चेतवतं. मग पेशींच्या आतल्या क्षारांचं प्रमाण बदलतं, रिसेप्टरचे संथ भाग जाऊन चपळ भाग येतात, आणि मग कुठे ब्रेक नीट लागतो. तोवर गुंगीचं काही दिलं तर काय होईल, याचा अंदाज मोठ्यांवरून बांधता येत नाही.

हे सगळं त्यांनी विहीणबाईंना सुनावलं होतं. नातू झाला तेव्हा लोणी काळभोरहून इंदुबाई बाळगुटीचा डबा आणि सहाण घेऊन आल्या होत्या. जयाबाईंनी दोन्ही परत पिशवीत भरायला लावलं. बाळाच्या मेंदूचं बांधकाम चालू आहे, तिथे गुटीतलं जायफळ नको, असं सांगितलं.

“सोनाली त्याच्यावरच वाढलीय,” इंदुबाई म्हणाल्या. “तिलाच सून करून घेतलीत ना?”

जयाबाई हसल्या, पण पिशवी लोणीला परत गेली.

बाळ दोन महिन्यांचं झालं तरी संध्याकाळ झाली की रडायला सुरुवात करी आणि कशानेही थांबत नसे. सोनाली जागून जागून काळवंडली होती. एका दुपारी तिचा कुठे डोळा लागला आणि बाळाने सूर धरला. जयाबाई रजेवर होत्या. त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या, पोटाला हिंग लावला, पाळण्याला झोके दिले. शेवटी बासुंदीसाठी आणलेलं जायफळ मसाल्याच्या डब्यातून काढलं. आपल्या मुलाला, अभयला, त्यांनी त्यावरच वाढवलं होतं. लॅबमध्ये जायफळ कुणी तपासलेलं नाही, तेव्हा उगाळलेल्या एका वेढ्याने काय होतंय, असंही त्यांनी मनाशी म्हटलं. सहाण तर त्यांनीच परत पाठवलेली. म्हणून खलबत्त्याचा दगडी खल पालथा घातला आणि त्याच्या बुडावर जायफळ उगाळलं. सहाणेवरच्या एका वेढ्यात किती उतरतं, हे हाताला माहीत असतं. खरखरीत दगडावर तेवढ्यातच कितीतरी जास्त उतरतं. ते चाटण त्यांनी बोटाने बाळाच्या जिभेला लावलं, आणि उरलेलंही लावलं.

बाळ झोपलं. सोनाली उठली तेव्हा म्हणाली, “आई, तुमच्या हाताला गुण आहे.”

संध्याकाळी ते दुधासाठी उठेना. तळपायाला टिचकी मारली तर फक्त कूस बदलल्यासारखं करी. मान सैल पडत होती. अभयने गाडी काढली.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी घरात काही दिलंय का, म्हणून विचारलं. सोनाली नाही म्हणाली. अभय म्हणाला, “काल तुझी आई आली होती. तू आंघोळीला गेलीस तेव्हा बाळ तिच्याचकडे होतं.”

जयाबाई तिथेच उभ्या होत्या. आता बोलायचं, असं त्यांनी ठरवलंही. पण तोवर अभयने फोन लावला होता. पलीकडून इंदुबाई शपथा घेत होत्या. अभयचा आवाज चढला. सोनालीने फोन हातात घेतला आणि रडत एवढंच म्हणाली, “आई, खरं सांग. मी काही बोलणार नाही तुला.”

त्यावर पलीकडून फोन ठेवला गेला.

डॉक्टरीणबाई तपासण्या सांगू लागल्या. मेंदूज्वर नाही ना, हे पाहायला मणक्यातलं पाणी काढावं लागेल. सुईचं नाव निघालं तेव्हा जयाबाईंच्या तोंडून शब्द फुटले. काय, कशावर उगाळलं, किती, कधी, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं, लॅबमध्ये सांगावं तसं. डॉक्टरीणबाईंनी बाळ पुन्हा तपासलं, ताप नाही याची खात्री केली, आणि मणक्याची तपासणी थांबवून त्याला देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाळ भुकेने किंचाळलं. पुढच्या तपासणीतही सगळं ठीक निघालं. अभय आईशी तुटक बोलत राहिला.  आजवर जयाबाई घालत ती बाळाची आंघोळ आता सोनाली स्वतः घालू लागली.

रविवारी जयाबाई एकट्याच लोणीला गेल्या. इंदुबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. त्यांनी पाट पुढे सरकवला. जयाबाईंनी माफी मागितली, आणि मोठ्या माणसाचीही चूक होते वगैरे काही म्हणाल्या.

“जायफळाचं सोडा,” इंदुबाई म्हणाल्या. “पोरगं बरं हाय ना? झालं. माझ्या पोरीनं माझ्यावर इस्वास ठेवला नाय. तुम्ही बाजूलाच हुता.”

जयाबाईंनी शेंगांची एक मूठ आपल्याकडे ओढली. त्यांनी नामकरणाला यायचं आमंत्रण दिलं.

“यीन की. पण मी त्याला आपणहून उचलणार नाय. समद्या पाहुण्यांदेखत तुम्ही माझ्या हातात द्यायचा. आन् का देताय, ते बोलायचं.”

“बोलेन.”

“बघू.”

नामकरण घरातच झालं. बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव जाहीर झालं आणि मंडळी जेवायला उठू लागली. जयाबाईंनी त्यांना थांबवलं. बाळ इंदुबाईंच्या ओटीत ठेवलं आणि काय घडलं ते सांगितलं. त्या हळू आवाजात बोलल्या, म्हणून मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही. एका नातेवाइकाने “काय म्हणाल्या?” असं विचारलं. इंदुबाई बाळाकडे बघत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “परत सांगा.”

जयाबाईंनी परत सांगितलं. या वेळी सोनाली आईशेजारी जाऊन बसली. इंदुबाई तिच्यासाठी सरकल्या नाहीत.