पृथ्वीच्या उजेडाचा सत्कार

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स चढत होता, तेव्हा मी आत स्पेक्ट्रम बघत होतो. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'नव्या ताऱ्याचा शोध, लातूरचा अभिमान.' विभागप्रमुखांचा फोटो चार फुटी. ज्यांनी काम केलं त्या अंजली मॅडमचा, वहीएवढा.

मॅडम आमच्या फिजिक्स विभागात माझ्यासोबत शिकवतात आणि विभागप्रमुख सरांकडेच पीएचडी करत होत्या. विषय, अतितप्त तारे. त्यांचा अतिनील उजेड हवेत अडतो, म्हणून तो उपग्रहानं टिपायचा. उजेड पट्टीसारखा पसरवला की झाला स्पेक्ट्रम. त्यातल्या रेषांवरून ताऱ्यात काय आहे ते कळतं. मॅडमच्या ताऱ्यात १२१.६ नॅनोमीटरला हायड्रोजनची झगझगीत रेषा होती. सरांनी तिलाच शोध ठरवलं.

मी शेजारच्या रिकाम्या आकाशाचा स्पेक्ट्रम उघडला. तीच रेषा, तेवढीच उंच. ती पृथ्वीभोवतीच्या, उन्हात चमकणाऱ्या विरळ हायड्रोजनची. उपग्रह त्यातूनच फिरतो.

मी मॅडमना दाखवलं. प्रबंध सोमवारी नांदेडला विद्यापीठात जमा करायचा होता. बाहेरच्या परीक्षकांनी हे वाचलं असतं, तर प्रबंधच परत आला असता. आणि दुरुस्त प्रकरणावर सरांची सही हवी होती.

आम्ही सरांकडे गेलो. सर म्हणाले, "फ्लेक्स लागलाय हो. सोमवारी सत्काराला आमदार येणार हायत. आता रेष न्हाई म्हणू?"

"रेष हाय सर. ताऱ्याची न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"आकाशातलीच हाय ना?"

हे गृहस्थ एम.एस्सी.ला स्पेक्ट्रोस्कोपी शिकवतात.

आम्ही ती रेषा वजा केली. खाली उरलं ते खरोखर वेगळं होतं. हायड्रोजन जवळजवळ नाहीच, १६४ नॅनोमीटरला हेलियमची ठळक खाच. म्हणजे वरचं हायड्रोजनचं कवच गमावून बसलेला म्हातारा तारा. असे थोडेच सापडतात. सरांना सांगितलं तर त्यांचा प्रश्न एकच, म्हातारा असेल तर 'नवा' छापलंय त्याचं काय?

मग मॅडमनी शांतपणे विचारलं, "परीक्षक म्हणतील, सत्कार कशाचा केला. पृथ्वीचा, असं सांगू का सर?"

सरांनी सही केली. फ्लेक्स मात्र काढू दिला नाही.

सोमवारी मॅडम नांदेडला गेल्या. इकडे सरांनी शाल-श्रीफळ घेतलं, भाषणही केलं. मॅडम आता डॉक्टर आहेत, त्यांच्या ताऱ्याला प्रबंधात जागा आहे. ताऱ्याकडे बोट दाखवण्याआधी शेजारचं रिकामं आकाश बघावं. तिथं शाल मिळत नाही, म्हणून कुणी बघत नाही.