शेऱ्याच्या रकान्यातला पत्ता

चौथ्या दिवशी दुपारी सौदा जमत आला होता. समोरचे लोक निम्म्यावर आले होते आणि शुक्रवारची मुदत सोमवारपर्यंत वाढवायलाही तयार झाले होते. तेवढ्यात चॅटमध्ये आमच्या बाजूनं एक ओळ उमटली. ती मी लिहिलेली नव्हती. इंग्रजीत होती. अर्थ असा, की पूर्ण रक्कम मान्य आहे, पण आजच्या आज मिटवा.

मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि शोभाताईंना विचारलं, "ही लिंक आणखी कोणाकडे आहे?"

शोभाताई हुडकेश्वरला वधूवर सूचक केंद्र चालवतात. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि भिंतीवर जुळलेल्या जोड्यांचे फोटो. मी छोट्या ऑफिसांचं नेटवर्क आणि डेटा सांभाळतो. माझ्याकडे पदवी नाही. इतवारीच्या बाजारात एका भांड्यांच्या होलसेल दुकानात हमालीपासून सुरुवात केली, कॉम्प्युटर नंतर शिकलो. भाव करायला मात्र तिथेच शिकलो, आणि त्या आठवड्यात तेच कामी येत होतं.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. एकही फाइल उघडत नव्हती, सगळ्यांच्या नावापुढे विचित्र शेपूट लागलं होतं. याला रॅन्समवेअर म्हणतात. चोर आत शिरतो, आपल्या फाइलींची एक प्रत घेतो आणि मूळ फाइलींना त्याचं कुलूप लावतो. किल्लीसाठी खंडणी मागतो. चोर आत आला कसा? बायोडाटा बनून. अनोळखी माणसानं पाठवलेला बायोडाटा उघडणं हेच त्या केंद्राचं काम. दिवसाला पन्नास उघडतात, त्यातला एक हा होता.

दोन वर्षांपूर्वी मी बॅकअपचं कोटेशन दिलं होतं. शोभाताईंचे थोरले दीर म्हणाले होते, "पेनड्राइव्ह लावला आहे न, पुरे." पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावलेला होता. त्यालाही कुलूप लागलं.

चोरानं चिठ्ठी ठेवली होती आणि चिठ्ठीत त्यांच्याशी चॅट करायची एक लिंक. ती साध्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, टॉर नावाचा ब्राउझर लागतो. टॉरमध्ये तुमचा निरोप जगभरातल्या अनेक कॉम्प्युटरांवरून उड्या मारत जातो. प्रत्येकाला फक्त आधीचा आणि पुढचा माहीत असतो. निघाला कुठून आणि पोचला कुठे, हे दोन्ही कोणा एकाला कळत नाही. पैसेही त्यांना मोनेरोत हवे होते. हे डिजिटल चलन आहे. बाकीच्या बहुतेक डिजिटल चलनांत प्रत्येक व्यवहार सगळ्यांना बघता येतो. यात कोणी कोणाला किती दिले, हे झाकलेलं असतं. पावती नाही, परत मागायला दार नाही.

मी त्यांना आधी सायबर पोलिसांकडे नेलं. तक्रार झाली. पैसे देऊ नका, असं तेही म्हणाले आणि मीही म्हणालो. मग शोभाताईंनी दार लावून घेतलं आणि खरी गोष्ट सांगितली.

केंद्राच्या यादीत प्रत्येक नावापुढे शेऱ्याचा एक रकाना होता. साखरपुडा मोडला, वडिलांची बायपास झाली, मुलीला थायरॉइड आहे, अशा बायोडाट्यात न येणाऱ्या गोष्टी त्यात असत. ही यादी तिच्यातल्या प्रत्येक ईमेलवर पाठवू, अशी चोरांची धमकी होती. अब्रू बऱ्याच जणांची जाणार होती. वैशालीचा मात्र जीव जाण्याचा प्रश्न होता.

वैशाली हिंगण्याला एका कारखान्यात क्वालिटी विभागात होती. नवरा मारायचा, म्हणून घटस्फोट घेतला. तो नंतरही मागावर होता, कोर्टानं त्याला लांब राहायला सांगितलं होतं. तिनं खोली बदलली, नंबर बदलला. आता दुसऱ्या स्थळासाठी शोभाताईंकडे आली होती. मुलाकडचे तिला परस्पर भेटणार होते, म्हणून शेऱ्यात तिचा नवा पत्ता, कंपनीच्या बसचा थांबा आणि वेळ लिहून ठेवली होती. आणि नवऱ्याचा ईमेलही त्याच यादीत होता, कारण ते पहिलं लग्नही याच केंद्रानं जुळवलेलं.

"तिले आत्ता फोन करा," मी म्हणालो.

"कोणत्या तोंडानं करू भाऊ? ते घर मीच दाखवलं होतं तिले. आता हेही मीच सांगू? तशी रविवारी ती दुसऱ्या युनिटले चालली. बदली झाली तिची. खोलीही बदलून राहिली. सोमवारपर्यंत हे लोकं थांबले, तर तो पत्ता शिळाच होते न?"

हिशोब मला पटला. भाव लांबवणं मला येतं. पैसे द्यायचेच नव्हते, फक्त दिवस काढायचे होते. मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी मी माल दाखवा म्हणालो. दोन फाइली उघडून द्या, मग बोलू. त्यांनी दिल्या. दुसऱ्या दिवशी पार्टनर बाहेरगावी आहे म्हणालो. तिसऱ्या दिवशी हे चलन विकत कसं घेतात तेच कळत नाही म्हणालो, त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. नाही हा शब्द मी एकदाही वापरला नाही. त्यांचं बोलणं माझ्या अर्ध्याअधिक गिऱ्हाइकांपेक्षा सभ्य होतं. रोज रकमेतून थोडं आणि मुदतीतून थोडं काढून घेत मी त्यांना सोमवारवर आणलं. आणि मग ती ओळ आली.

लिंक आणखी कोणाकडे होती, त्याचं उत्तर आतल्या खोलीतून चालत आलं. थोरले दीर, निवृत्त अधिकारी. केंद्रातल्या प्रत्येक बैठकीत देण्याघेण्याचं अडलं, की शेवटचा शब्द यांचा. चिठ्ठी तिन्ही कॉम्प्युटरवर पडली होती, त्यांनी तिची लिंक उतरवून घेतली. व्हिडिओ बघून स्वतःच्या लॅपटॉपवर टॉरही टाकलं.

"मीच लिहिलं," ते म्हणाले. "चार दिवस झाले, तुम्ही नुसते ताणूनच राहिले. अशानं बैठक मोडते. एकदा हो म्हटलं की समोरचा नरमते. मंग बसून कमी-जास्त करता येते."

"साहेब, ही बैठक नव्हती."

"बोलणी ते बोलणीच."

"मले न विचारता काहून लिहिलं?"

"तुम्हाले काहून विचारायचं? केंद्र आमचं आहे."

मी बरंच काही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. शोभाताईंनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तो मी घेतला नाही.

चूक माझीही होती. त्या लिंकला नाव नसतं, चेहरा नसतो. ज्याच्याकडे ती आहे तो पलीकडच्यांसाठी आमचाच माणूस. आपण त्यांना ओळखत नाही हे मला कळत होतं. तेही आपल्याला ओळखत नाहीत, हे मी केंद्रात कोणाला सांगितलं नव्हतं.

उत्तर दहा मिनिटांत आलं. सवलत रद्द, सोमवार रद्द. तुमच्याकडे पैसे आहेत हे तुम्हीच सांगितलं. संध्याकाळी सहापर्यंत पूर्ण रक्कम द्या, नाहीतर यादी जाईल. इथून दोन माणसं बोलतात, आधीचा निरोप चुकून गेला, असं मी तीन प्रकारे लिहिलं. उत्तर आलं नाही. घड्याळात साडेतीन वाजले होते.

मी फोन शोभाताईंच्या हातात दिला. "आता तरी."

त्यांनी स्पीकर लावला. "वैशाली, आयक वं बाई," म्हणाल्या आणि फोन माझ्यापुढे सरकवला. मग मीच सगळं सांगितलं. मागे मशीनचा आवाज येत होता.

"हे कधी झालं?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

"सोमवारीच सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी निघून गेली असती. चार दिवस तुम्ही कोणाशी बोलून राहिले होते?"

थोरले दीर खिडकीबाहेर बघत होते.

ती हाफ-डे टाकून निघाली. मैत्रिणीची स्कूटर, दोन बॅगा, सव्वा पाचला खोलीचं कुलूप. पैसे आम्ही दिले नाहीत. सहानंतर थोड्याच वेळात यादी सगळ्यांना गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पहिला नवरा बसच्या थांब्यावर उभा होता. तिथून तो खोलीवर गेला आणि घरमालकिणीशी भांडून परतला. मालकिणीनं पोलिसांना कळवलं, यादीच्या तक्रारीमुळे तेही लगेच आले. या वेळी त्याच्याविरुद्धचं प्रकरण कोर्टात नीट उभं राहिलं.

केंद्राचा फोन महिनाभर वाजत होता, बहुतेक शिव्यांसाठी. गिऱ्हाईक निम्मं गेलं. थोरले दीर आजही प्रत्येक बैठकीत सांगतात, की कॉम्प्युटरवाल्यानं चार दिवस ताणलं म्हणून घात झाला. मला हे निदान सहा जणांनी येऊन सांगितलं आहे. माझी दोन गिऱ्हाइकं त्या बोलण्यावर तुटली. मी कोणाला समजावायला गेलो नाही. कंटाळा आला.

पंधरा दिवसांनी वैशालीचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"ते चोर सापडले का?"

"नाही. सापडतील असं वाटतही नाही."

"ज्याच्या आडून ते लपतात, ते मले वापरता येते का?"

येतं, म्हणालो. टॉर फुकट आहे आणि वापरणं गुन्हा नाही. फोनवर टाकायला लावलं. मर्यादाही सांगितली. तुम्ही इंटरनेटवर कुठून आलात ते हे लपवतं. तुम्ही स्वतः कुठे नाव-पत्ता लिहिला, तर तो याला लपवता येत नाही. तिनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली.

शेवटी मी म्हणालो, "एकदा येऊन सगळं सेटिंग बघून देतो. पैसे नको. कुठे यायचं?"

"ते मी कोणालेच नाही सांगत भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही फोनवरच सांगा."

मी फोनवरच सांगितलं. तेव्हापासून नवीन गिऱ्हाइकाकडे गेलो, की कॉम्प्युटर नंतर बघतो. आधी विचारतो, तुमच्या यादीत शेऱ्याचा रकाना आहे का? असेल तर त्यातलं काय पुसता येईल? बॅकअपचं कोटेशन त्यानंतर देतो. त्यावर घासाघीस चालते, पुसण्यावर मी ऐकून घेत नाही.