मामांच्या गुडघ्याचं जीवनसत्त्व

आमचे मामा रंगारी. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवण्यात त्यांची हयात गेली. परांचीवर चढले की माणूस शीळ घालणार, जमिनीवर उतरले की सगळ्यांवर करवादणार. म्हणून गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांना एकच धास्ती बसली, आपलं वर चढणं बंद होणार.

पहिल्या डॉक्टरने रक्त तपासायला लावलं. अहवाल आला, ड जीवनसत्त्व कमी. मामांना तो अपमानच वाटला. जन्मभर उन्हात रापलेल्या माणसाला म्हणे ऊन कमी पडलं. मामी म्हणाली, शिंतोडे नकोत म्हणून डोक्यापासून पायापर्यंत फडकी गुंडाळता, ऊन शिरणार कुठून. शेजारच्या नर्सबाईंचं निराळंच. तपासलं तर निम्म्या गल्लीचं कमी निघेल, दुखण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. मला दोघींचंही पटलं आणि डोक्याचा भुगा झाला.

मामा मात्र मनातून खूश. कमी आहे ना, मग भरून काढू. गोळी आठवड्याला एक घ्यायची होती. पण रंगाच्या एका हातात भिंत भरत नाही, पहिला हात तर भिंतच पिऊन टाकते, हे मामांच्या हाडीमासी भिनलेलं. त्यांनी कुणालाही न विचारता रोज एक गोळी सुरू केली. गुडघा कधी बरा वाटे, कधी ठणके. गोळी लागू पडतेय की हवा बदलतेय, काही उमगेना. पुढे त्यांचं जेवण तुटलं, तहान भागेना, उलट्या सुरू झाल्या. खरं काय ते कळल्यावर मी त्यांच्यावर मनसोक्त ओरडले आणि दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. बाईंनी गोळ्या बंद केल्या, सलाईन लावलं. जरा हुशारी आल्यावर मामा म्हणाले, "कमी होतं तेव्हा दुखत होतं, जास्त झालं तरी दुखतंय. मग दुखतंय कशानं?"

बाईंनी विजार वर करायला सांगितली. इतक्या महिन्यांत गुडघ्याला हात लावणारं हे पहिलंच माणूस. दाबून, वाकवून, एक्स-रे पाहून त्या म्हणाल्या, सांधा झिजलाय. चाला-फिरा, पण परांची आता नको. मग ती तपासणी हवी होती की नको, मी विचारलं. त्या म्हणाल्या, काहींना लागतेच; बाकीच्यांबद्दल आम्हा डॉक्टरांचंच एकमत नाही.

जिना उतरताना मामा कठडा धरून थांबले.

"ते कमी होतं तेच बरं होतं गं," ते म्हणाले. "निदान भरून तरी निघालं असतं."